'ध'च्या डोक्यावरची फट

सुलभाताईंनी कागद नाकाला टेकवला आणि वाचलं, "माझा हात घर." त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांची नजर बरीच गेली आहे. मी छपाईसाठी अक्षरांची वळणं घडवते; कमी दिसणाऱ्यांना कोणतं वळण वाचायला सोपं जातं हे पाहायचं होतं, म्हणून छापील नमुने घेऊन त्यांच्याकडे गेले होते.

कागदावर 'धर' होतं. मी मोठ्या टायपातला कागद दिला, तरी त्यांनी 'घर'च वाचलं.

"आता पुस्तकं ऐकताही येतात," मी चाचरत म्हणाले.

"मला ऐकायचं नाही, वाचायचंय," त्या म्हणाल्या. "आणि ध चा मा मी करत नाही, तुमची छपाई करते."

मी निरखून पाहिलं. 'ध'च्या डोक्यावरची फट इतकी चिंचोळी होती की वरची रेघ 'घ'सारखी सलगच वाटत होती. अक्षर मात्र फार देखणं होतं. पायरी उंच बांधायची आणि अडखळणाऱ्याला पाय उचलायला सांगायचं, ही आपली जुनी खोड.

मी फट रुंद केली. ऑफिसात सगळे म्हणतात, रेघ तुटलेली दिसते.

दिसू दे. त्यासाठीच तोडली आहे.