उरलेल्या फरश्यांचं घर

मी गणित शिकवते त्या शाळेच्या व्हरांड्यात नवी फरशी बसत होती, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. आमचे मुख्याध्यापक तासाला उशीर झाला म्हणून ओल्या फरशीवरून तसेच निघाले होते. गुडघ्यावर बसलेला एक सडपातळ माणूस मान वर न करता म्हणाला, "साहेब, थांबा. तुम्ही मुख्याध्यापक आहात हे सिमेंटला ठाऊक नाही." ते मुकाट्याने मागे फिरले आणि मैदानाला वळसा घालून वर्गात गेले. त्यांनी कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

पुढे हा मिस्त्री माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहायला आला. बायको दवाखान्यात नर्स, मुलगी तेव्हा मांडीवरची. घर भाड्याचं आणि पार मोडकळीला आलेलं. मालक दूरच्या शहरात. "डागडुजी तुझी तू कर, मी भाडं वाढवणार नाही," एवढाच तोंडी व्यवहार. मालक शब्दाचे पक्के होते.

गावच्या तळ्याकाठी तेव्हा सुट्टीपुरती घरं बांधली जाऊ लागली होती. त्यांच्या मालकांनी वर्षातून तीन आठवडे यायचं, एरवी घर पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने, नाहीतर कुलूप. प्रत्येक कामात चार-सहा फरश्या उरायच्या. "घेऊन जा," म्हणायचे. असं करत अकरा वर्षांत मिस्त्रीने आपल्या स्वयंपाकघराची सगळी जमीन भरून काढली. निळी, मातकट, पांढरी, मध्येच एखादी हिरवी. सगळा तुकड्यातुकड्यांचा मामला, पण असा जुळवलेला की पाय ठेवताना माणूस क्षणभर थबकावा. तळ्याच्या बाजूची खिडकी मोठी करून त्याने बसायला कट्टाही केला.

मग मिस्त्रीचे घरमालक वारले आणि त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं. सुट्टीत राहायला कुणी घेतलं तर यांना बाहेर पडावं लागणार, हे उघड होतं. गावात भाड्याचं घर म्हणून उरलं नव्हतंच.

मिस्त्रीची बायको हुशार. गिऱ्हाईक येणार म्हटलं की ती स्वयंपाकघरात जुन्या चटया अंथरायची आणि कट्ट्यावर ओले कपडे पसरायची. मी हसले तर म्हणाली, "बाई, मला कुणाला खोटं सांगायचं नाही. फक्त दाखवायचं नाही." तीन गिऱ्हाइकं पोपडे धरलेल्या भिंती बघून दारातूनच परतली.

चौथं आलं त्या दिवशी मी तिथे चहाला बसले होते. नवरा-बायको, साधी, सभ्य माणसं. त्यांनाही घर पसंत नव्हतं. निघता निघता त्या बाईंची नजर चटईबाहेर डोकावणाऱ्या कोपऱ्यावर गेली. "ही फरशी कुणी बसवली हो? सांधे किती बारीक आहेत."

मिस्त्रीची बायको गॅसवरच्या भांड्यावर झाकण आदळत म्हणाली, "जुनीच आहे."

पण मिस्त्री तोवर खाली वाकला होता. त्याने पहिली चटई उचलली, मग दुसरी. ही डॉक्टरांच्या न्हाणीघरातली, ही जिन्यावरची, ही कापताना दोनदा फुटली. ते दोघं गुडघ्यावर बसून बघत होते. आणि मी? मी गप्प बसायचं की नाही? "कट्टासुद्धा यांनीच केलाय," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

महिन्याभरात त्याच दोघांनी सुट्टीपुरतं राहायला घर विकत घेतलं.

"दलालाला दलाली तरी मिळाली," बायको म्हणाली. "तुम्ही ती फुकटात केलीत."

"अगं, त्यांनी सांध्यांबद्दल विचारलं," मिस्त्री म्हणाला. "आजवर कुणी विचारलं नव्हतं."

तिने चटया गुंडाळून भिंतीला उभ्या केल्या.

घर रिकामं करायला तीन महिने होते. मी त्याच्याबरोबर दारोदार फिरले. निम्म्या गावाला मी शिकवलंय, माझा शब्द कुणी मोडणार नाही, अशी माझी समजूत. आमच्या गल्लीत चौदा घरं, त्यांतली नऊ कुलपात. एक कुलूपबंद घर माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं होतं; आम्ही त्याच्या राहत्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, "बाई, तुम्हाला नाही कोणत्या तोंडाने म्हणू? पण सुट्टीच्या दोन महिन्यांत पाहुण्यांकडून वर्षाचं भाडं निघतं. गणित तुम्हीच शिकवलंत."

गणित बरोबर होतं. मी पर्स उचलली. बाहेर आल्यावर मिस्त्रीच माझी समजूत घालत होता, "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

टेम्पो भरला त्या दिवशी मुलीला माझ्याकडे ठेवलं होतं. ती आता सातवीत. तिने विचारलं, "बाई, तिकडच्या शाळेत गणिताला कोण आहे?"

आता ते तिघं चाळीस किलोमीटरवर मेव्हण्याच्या मागच्या खोलीत राहतात. बायकोने दवाखाना सोडला. मिस्त्रीचं काम मात्र अजून इथेच आहे, कारण घरं इथेच बांधली जातात. तो सोमवारी पहिल्या बसने येतो, ज्या घरात फरशी चालू असेल तिथेच आठवडाभर झोपतो आणि शनिवारी संध्याकाळी परत जातो.