गाय हाकलेपर्यंत

एक भूलतज्ज्ञ आमच्या ऑपरेशन थिएटरात एकदाच आले. मी तिथली सिस्टर. दवनीवाड्याच्या एका बाईच्या तोंडावर मास्क धरून ते तिच्या पापण्या पाहत होते. आधी गुंगी आली, मग ती हातपाय झाडत ओरडली, "धानात गाय शिरून राहिली, हाकला ना जी!"

सगळे हसले. सर्जन म्हणाले, "पकडो इसको, शुरू करते हैं." धरून ठेवायला ती काय बैल होती?

"ही भुलेची दुसरी अवस्था आहे, भूल अजून पुरती चढली नाही. आता कापाल तर श्वास अडकेल," भूलतज्ज्ञ म्हणाले. मग तिच्या कानाशी वाकले, "हाकलली माय, गाय हाकलली."

सर्जननं चाकूसाठी माझ्यापुढं हात केला. तिचा श्वास संथ होईपर्यंत मी चाकू दिला नाही.