शिंकेसकट सगळं पुस्तक

एक्स्चेंजबाईंच्या गळ्यातली गाठ साधीच निघाली असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाईंच्या यजमानांनी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या डोळे पुसले आणि लागोपाठ शिंकायला सुरुवात केली. या गृहस्थांना आनंद झाला तरी शिंका येत, काळजी वाटली तरी येत, आणि काहीच वाटलं नाही तरी येतच. सारा जन्म गाद्या आणि सोफे भरण्यात गेलेला. कापसाची धूळ नाकात मुक्कामाला आली ती कायमचीच. गल्लीत त्यांना गादीवाले म्हणत, आणि ते घरी आहेत की नाहीत हे कळायला कुणाला दार वाजवावं लागत नसे.

जीव वाचला, पण ऑपरेशनमध्ये आवाज गेला. बाई अगदी मुक्या झाल्या नाहीत. पण उरलं ते घोगरं, फाटकं, दोन वाक्यांत दमणारं. "बोलाल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, "पण ते तासन्‌तास मोठ्याने वाचणं आता विसरा." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, ठीक आहे, नाही वाचत. बाईंचं तसं नव्हतं.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. याची लाइन त्याला जोड, त्याची हिला. एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता: बोलणं संपलं की लाइन मोकळी करायची. क्षणभरही अडवून ठेवायची नाही. नव्या मुली शिकायला आल्या की बाई पहिल्या दिवशी हेच सांगत आणि विसरलेल्या मुलीच्या हातावर पेन्सिल आपटत. निवृत्तीनंतर घरातही तोच खाक्या. खोलीतून बाहेर पडायचं म्हणजे पंखा बंद, दिवा बंद, गॅस बंद. गादीवाले रेडिओ ऐकता ऐकता नुसते पाणी प्यायला उठले तरी परत येईपर्यंत रेडिओ गप्प झालेला असे.

हाताला काही काम हवं म्हणून बाईंनी दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला घेतली. आपल्या गाद्यांच्या कारखान्यामागची लहान खोली गादीवाल्यांनी त्यांना तयार करून दिली. चारी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दाराला आतून फोम लावला. रस्त्यावरचा भोंगा आत येत नसे. आत काय येत असे ते पुढे कळेलच.

गाठीचं निदान झालं तेव्हा हातात एका निवृत्त दीपगृह-रखवालदाराच्या आठवणींचं जाडजूड पुस्तक होतं. रखवालदाराने स्वतः परवानगी दिली होती. "वाचा, वाटा, हवं त्याला द्या. उजेडाचं मी आयुष्यात कधी कुणाकडून काही घेतलं नाही," म्हणाला. ऑपरेशनच्या आधी बाईंनी रोज खोलीत बसून, गळा दुखत असताना, शेवटच्या पानापर्यंत ते पुरं केलं. हे आपलं शेवटचं, हे त्यांना ठाऊक होतं. कुणाला बोलून दाखवलं नाही इतकंच.

आता हे लोकांपर्यंत पोचवायचं कसं? पूर्वी सीडी करून टपालाने पाठवत. आता सीडी लावायला कुणाच्या संगणकात जागा नाही, आणि मेलमध्ये एवढं मोठं काही मावत नाही. बाईंची भाची संगणकदुरुस्तीचं काम करायची. ती म्हणाली, "मावशी, टोरेंट करू."

"ते चोरून सिनेमे बघतात ते?"

"सिनेमे चोरणारे चोर, टोरेंटचा काय दोष? आपल्याकडे परवानगी आहे. हे बघ, सगळं पुस्तक एका फाइलीत घालायचं. प्रोग्राम त्या फाइलीचे बारीक बारीक तुकडे करतो. पहिल्यांदा तुकडे तुझ्याकडूनच जाणार. पण ज्याच्याकडे एक तुकडा पोचला, तो लगेच दुसऱ्याला द्यायला लागतो. घेता घेता द्यायचं."

"आणि मध्ये कोण असतं?"

"मध्ये कुणीच नाही. याच्या घरातून त्याच्या घरात."

बाईंच्या हे मनाला लागलं. आयुष्यभर ज्या 'मध्ये' बसून त्यांनी गावभराच्या गोष्टी जोडून दिल्या, तिथे म्हणे कुणीच नाही! "मग गोंधळ होत नाही? एकाचं दुसऱ्याला जात नाही?"

"प्रत्येक तुकड्याची खूण असते. जरा जरी वेगळा निघाला तर प्रोग्राम घेतच नाही. फक्त एक कर मावशी, प्रोग्राम चालू ठेव. बंद करू नकोस."

हे शेवटचं वाक्य बाईंच्या एका कानाने आत गेलं आणि वाटेतच अडकलं. फाइल तयार झाली. धड्याधड्याच्या सुट्या फाइली बाईंनी त्याच दिवशी पुसून टाकल्या, पसारा नको म्हणून. ऐकणाऱ्यांच्या ओळखीओळखीतून निरोप गेला, लोक जोडले जाऊ लागले. पडद्यावर हिरव्या पट्ट्या सरकताना पाहून बाईंना एक्स्चेंजमधली सकाळ आठवली. त्या खुर्ची ओढून बघत बसल्या. आणि तासाभराने स्वयंपाकाला उठल्या तेव्हा सवयीने प्रोग्राम बंद केला, संगणक बंद केला, बटण बंद केलं आणि वर पंखाही बंद केला.

असं रोज चाललं. सकाळी तासभर दुकान उघडं, मग कुलूप. लोकांना थोडं थोडं मिळे. कुणाकडे सुरुवात, कुणाकडे मधलं, कुणाकडे इथलं तिथलं.

सगळं पुस्तक मिळालं ते फक्त एकीला. बाईंची जुनी शिष्या, एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसणारी. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण बोर्डावर तिचा हात असा चाले की बाईंनी तिच्या हातावर पेन्सिल कधीच आपटली नाही. बाईंची वेळ तिने हेरली, रोज त्याच तासाला तीही जोडून बसली आणि पुस्तक पुरं केलं. मग तिचा लेखी निरोप आला. फोन नाही, कारण ऑपरेशनपासून बाई कुणाचा फोन घेतच नव्हत्या. हा आवाज त्यांना कुणाला ऐकवायचा नव्हता.

"बाई, पुस्तक पूर्ण झालं. फार सुंदर. काम झालं, लाइन मोकळी केली. एकच विचारायचं होतं. वादळात दिवा विझतो तिथे जी शिंक आहे, ती रखवालदाराची का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. लगेच ती जागा काढून ऐकली. वादळ, समुद्र, दिवा विझलेला, रखवालदार काळोखात कान देऊन उभा, बाईंनी मुद्दाम घेतलेला लांब विराम. आणि त्या विरामात गाद्यांच्या भिंतीतून आरपार आलेली एक सणसणीत शिंक.

"अहो! काय केलंत हे!"

"मी?" गादीवाले कारखान्यातून सुई हातात घेऊनच आले. त्यांनी ऐकलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "बरोबर वेळेवर आलीये की."

बाईंनी त्यांना बाहेर घालवलं. आयुष्यातलं शेवटचं वाचन, त्यात ही शिंक! ती कापून टाकायचीच. भाचीला विचारायला हवं होतं, पण एवढ्याशा कामाला काय विचारायचं? त्यांनी आवाज कापायचा प्रोग्राम उघडला, शिंकेवर खूण केली, आणि एक बटण दाबायचं ते दुसरंच दाबलं. संगणकाने विचारलं, याच नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? बाई म्हणाल्या, हो. विचारलं तर उत्तर द्यावं, अशा वळणाच्या त्या.

मग ऐकायला लावलं. एक शिंक वाजली. फाइल संपली.

पुन्हा लावलं. शिंक. तेवढीच. बाईंनी शिंक कापली नव्हती, शिंक ठेवून बाकीचं सगळं पुस्तक कापलं होतं. समुद्र, बेट, जहाजं, रखवालदाराची म्हातारी आई आणि बाईंचा उरलासुरला आवाज, सगळं गेलं होतं आणि मागे राहिली होती यजमानांची एक शिंक.

बाई रडायला गेल्या तर रडण्यालाही आवाज नव्हता. गादीवाल्यांना काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते शिंकायचं विसरले आणि त्यांनीच भाचीला फोन लावला.

भाची दुपारी आली. आधी तिने ती फाइल ऐकली, आणि मावशीसमोर हसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग खुर्चीवर बसली.

"आता प्रोग्रामलाच म्हणते, तुझ्याकडचं तपासून घे. त्याला कळेल की हे ते नाही. मग जे नाही ते तो लोकांकडून मागेल."

"कुठल्या लोकांकडून?"

"तू ज्यांना दिलंस त्यांच्याकडून. मावशी, आता तू घेणारी."

प्रोग्रामने तपासलं आणि शून्य दाखवलं. बाईंनी तोंडावर पदर धरला. मग एक पट्टी हलली. कुठल्याशा घरातून एक तुकडा आला. दुसरीकडून दुसरा. न पाहिलेल्या माणसांच्या घरातून बाईंचं वाचन तुकड्यातुकड्याने परत यायला लागलं. दहा, तीस, साठ. गादीवाले मागे उभे राहून आकडे मोठ्याने वाचत होते. अठ्ठ्याण्णव म्हणाले आणि थांबले. पट्टीही थांबली होती.

"पुढे?" बाई.

"पुढचं या कुणाकडेच नाही," भाची म्हणाली. "शेवटचे तुकडे आहेत. तू रोज बंद करायचीस ना? यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत ते. पूर्ण पुस्तक कुणाला मिळालं होतं का?"

मिळालं होतं, त्या शिष्येला; बाईंनी सांगितलं. आणि तिने काम झाल्यावर प्रोग्राम बंद करून लाइन मोकळी केली होती, बाईंनी शिकवलं होतं तश्शी.

"निरोप लिहू का तिला?" भाचीने विचारलं. "पण बघेल तेव्हा बघेल. फोन कर तू. आज घरी असली तर लगेच काम होईल."

फोन. बाईंनी मान हलवली. नाही. त्या पोरीने आयुष्यभर त्यांना फक्त आवाजाने ओळखलं होतं. तिच्यापुरत्या बाई म्हणजे तो आवाज. तो गेला म्हणजे तिच्यासाठी बाईच गेल्या, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी.

"मी करतो," गादीवाले पुढे झाले आणि त्यांना नेमकी तेव्हाच शिंक आली. ती ओसरायची वाट न बघता बाईंनी फोन उचलला. बोर्डावरचा जुना हात. नंबर पाठ होता.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी," बाई म्हणाल्या.

"माफ करा, ओळखलं नाही. कोण?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी खुर्चीत ताठ बसून, ज्या चालीत सगळी नोकरी काढली त्या चालीत, फाटक्या आवाजात म्हटलं, "धरून ठेवा. लाइन सोडू नका."

"बाई!" पलीकडून जवळजवळ किंचाळीच आली. "बाई, तुम्ही! किती दिवस झाले! मला वाटलं रागावलात. फोन घेत नव्हतात, वर मी शिंकेचं विचारलं."

बाईंनी दमत, थांबत सगळं सांगितलं. पुस्तक पुसलं गेलं हेही, आणि तू तुझा संगणक लाव, प्रोग्राम उघड आणि मी सांगेपर्यंत बंद करू नकोस, हेही.

"तुम्ही सांगताय लाइन सोडू नकोस म्हणून?" शिष्या हसली. मग जरा थांबून हळूच म्हणाली, "बाई, आवाजाला काय झालं?"

"गेला गं तो."

"गेला कुठे? माझ्याकडे आहे की सगळा. थांबा, पाठवते."

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे संगणक चालू झाल्याचा बारीक सूर आला, मग बटणांची टकटक. इकडे पडद्यावर एक नवी ओळ उगवली आणि अडलेली पट्टी सरकली. नव्व्याण्णव. मग पुरी हिरवी.

"आलं!" भाचीने टाळी वाजवली. गादीवाले धपकन भिंतीवरच्या गादीला टेकले आणि गादीतून धूळ उडाली.

बाईंनी शेवटचं पान आधी ऐकलं. आवाज होता. त्यांचाच, ऑपरेशनआधीचा, जरासा दुखरा पण सगळा. जीव भांड्यात पडला. मग मागे जाऊन त्यांनी वादळ लावलं. दिवा विझला, रखवालदार काळोखात उभा राहिला, आणि विरामात शिंक आली. भाची हसली, फोनमधून शिष्या हसली, आणि घोगऱ्या आवाजात बाईही हसल्या, पोट धरून.

"आता नीट कापून देऊ का ही?" भाचीने विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावायचा नाही कुणी," बाई म्हणाल्या. "आणि अहो, यापुढे खोलीत यायचं असेल तर बिनधास्त या."

संध्याकाळी कारखाना बंद झाला. बाईंनी नेहमीसारखी घरभर फेरी मारली. गॅस बंद केला, पुढचा दिवा बंद केला, गादीवाल्यांचा रेडिओ बंद केला. गाद्यांच्या खोलीत शिरल्या आणि सवयीने हात संगणकाच्या बटणाकडे गेला. पडद्यावर अनोळखी घरं शेवटचे तुकडे उतरवून घेत होती. बाईंनी हात मागे घेतला, पंखा तेवढा बंद केला आणि दार नुसतं लोटून घेतलं.