आईची पहिली ओळ

आईकडं एकच धड साडी होती. पांढरी, निळ्या काठाची. मामांच्या गायन पार्टीतल्या बायकांचा तो गणवेश. एरवी ती कोडोलीत दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला जायची. वडील मी तिसरीत असतानाच गेलेले, त्यामुळं नव्या साडीचा विषय घरात निघतच नसे. शाळेच्या बक्षीस समारंभाला ती तीच साडी नेसून आली. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "तुझी आई हितंबी गाणार हाय व्हय?" मी तिची वही फाडली.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. जयंतीच्या गाण्यांत पन्हाळ्यापासून मलकापूरपर्यंत त्यांचं नाव. ते पुढं उभं राहून ओळ म्हणायचे, मग आई मागनं तीच ओळ उचलून म्हणायची. याला झील धरणं म्हणतात. वीस वर्षं तिनं झील धरली. फलकावर मामांचा फोटो, ठळक नाव आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'. ते 'आणि पार्टी' म्हणजे माझी आई.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. निकाल लागल्यावर पहिलं काम केलं ते रेडिओवरच्या लोकगीतांच्या चाचणीसाठी आईचा अर्ज भरायचं. मामांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "पदवीधर बाई, अर्ज तुमी भरलाय, आता गायबी तुमीच जावा."

कोल्हापुरात चाचणीच्या खोलीबाहेर मी दाराच्या काचेतनं बघत होते. पेटी वाजली. आई गप्प. पेटी फिरून पुन्हा सुरुवातीला आली. आई गप्पच, मान जरा डावीकडं वळवून. कार्यक्रमात मामा तिच्या डाव्या अंगाला असायचे.

"बाई, गा की," आतले साहेब म्हणाले. दार नीट लागलं नव्हतं, मला ऐकू आलं.

"व्हय, पन म्होरं कोन म्हननार?"

"तुम्हीच."

आईनं तोंड उघडलं. ओळ मधूनच निघाली, दुसऱ्या शब्दापासून, आणि तिथंच विझली.

परतीच्या एस.टी.त कसबा बावडा मागं पडला. मग आई म्हणाली, "मला गानं येतंय गं पोरी. सुरू कराय येत न्हाय."

माझ्या शहाणपणाची मला लाज वाटली. तिला सगळं गाणं पाठ आहे एवढंच मी बघितलं होतं.

मग मीच पुढं म्हणायला लागले. उसात भांगलताना मी पहिली ओळ म्हणायची, आईनं उचलायची. माझा आवाज असा, की बांधावरनं एक म्हातारा ओरडला, "पावणं, कुनाची म्हस सुटलीया का?" आई हसून हसून खाली बसली. पण मी थांबले की तीही थांबायची. कितीतरी दिवस हेच.

शेवटी हे मामांच्या कानावर गेलं आणि ते घरी आले. उंबऱ्यातच बसले.

"चूक तुझी न्हाय," ते आईला म्हणाले. "येवढ्या वर्षांत मी तुला एकदाबी म्हटलं न्हाय, ही ओळ तू सुरू कर म्हनून. भ्या वाटायचं मला."

"कशाचं रं दादा?"

"तुझ्या आवाजाचं, आनि कशाचं!" ते जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "आता असं कर. म्होरं मीच हाय असं समज. माझी ओळ मनात पुरती आयक, मग तू झील धर. लोकास्नी तेवढीच आयकू येतीया."

"म्हंजे मनातबी तूच म्होरं व्हय!" आई म्हणाली, आणि दोघंही हसली.

दुसऱ्या चाचणीला आई तीच साडी नेसली. या वेळी काचेपाशी माझ्या शेजारी मामा होते. पेटी वाजली. आई गप्प. मी मामांकडं बघितलं, तर त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता. त्यांचे ओठ मिटले आणि आत आईनं आवाज लावला. पहिल्या शब्दापासून.

आई पास झाली. आता रेडिओवर तिचं गाणं लावण्याआधी तिचं नाव सांगतात.