भाव न केल्यामुळे निघून चाललेला पेंटर

पेंटरनं सांगितलेली मजुरी तुम्ही एक रुपयाही कमी न करता, जागच्या जागी कबूल केलीय का कधी? मी केली. आणि पेंटर काम सोडून निघाला.

आईला आमच्या अमरावतीच्या घरातली समोरची खोली शिवणकामाच्या दुकानासाठी हवी होती. खोली छोटी, पण भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेले. ओळखीतून एक पेंटर कळला. एकटा काम करतो, ठेकेदार नाही, हाताखाली माणूस नाही. सकाळी तो सायकलला डबे आणि रोलरची पिशवी लटकवून आला, भिंतीवरून हात फिरवला आणि आकडा सांगितला. मी ताबडतोब म्हटलं, "चालेल."

मी दुसरं काय म्हणणार? बाबा अकोल्याला कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच. घाम गाळणाऱ्याशी घासाघीस करणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकर उचलणं, हे माझ्या रक्तात आहे. मी तसं त्याला ऐकवलंही, चांगलं पाच मिनिटं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रोलर परत पिशवीत घातला.

"ताई, राग नका मानू. मी नाई करत हे काम."

"कावून?"

"तुमी भाव केलाच नाई."

"मग चांगलंच आहे ना!"

"चांगलं कायचं? ज्याले पैसे द्याचे रायते, तो भांडते. ज्याले द्याचेच नाईत, तो म्हणते, तुमी म्हणान तसं. मागं एकाचं कंपाउंड रंगवलं. तोई असाच गोड बोलला. अजून म्हणून राहिला, उद्या ये."

मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "अन् त्याले तुमच्याइतकं बोलता बी येत नव्हतं."

तो सायकलकडे वळला. तेवढ्यात आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"कुठं चालले भाऊ?"

"मावशी, तुमची पोरगी भाव करत नाई."

"तिले कुठं येते! मेथी घ्यायले गेली तर भाजीवालीलेच विचारते, तुले परवडते का म्हणून." मग आईनं कंबरेवर हात ठेवले. "पण तुमीही कमाल करता. एवढीशी खोली, अन् एवढा भाव? राजवाडा रंगवून राहिले का?"

पेंटरनं पिशवी खाली ठेवली. त्याचा चेहरा असा खुलला, जणू कुणी जुनं ओळखीचं माणूस भेटलं.

"मावशी, भिंत पाहा. नख लावलं की पापडासारखी तुटते."

"म्हणून का सोन्याची पुट्टी लावता?"

"पुट्टी दोनदा मारा लागन. नाईतर पावसाळ्यात तुमीच मले शिव्या देसान."

"त्या तर मी अशाही देईन!"

मी मध्ये तोंड घालू पाहिलं, तर दोघांनीही मला हातानं गप्प केलं. आई खाली उतरवत होती, तो वर चढवत होता, आणि दोघं मनापासून हसत होती. शेवटी आई म्हणाली, "बरं, तुमचाच आकडा राहू द्या. पण खिडकीचे गज त्यातच."

"गज त्यातच. पण जेवण तुमच्या हातचं."

"ते का तुमी सांगाल तवाच देईन?"

आईनं आत जाऊन अर्धे पैसे आणले आणि त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते कपाळाला लावले आणि पोपडे खरवडायला घेतले. आकडा तोच, मी कबूल केलेला! मी चिडून स्वयंपाकघरात गेले आणि तिथं एकटीच हसत सुटले.

फरशीवर रंग सांडू नये म्हणून मी बाबांची उरलेली पत्रकं अंथरली होती. दुपारी आलूवांगं, भाकर आणि ठेचा खाता खाता पेंटर बसल्या जागेवरून ती वाचत होता.

"ताई, हे चांगलं लिवलं. मजुरी पुरी द्या म्हणते."

"मग!"

"पण कवा द्या, ते लिवलंच नाई."

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हतं. संध्याकाळी फोनवर बाबांना सांगितलं, तर पलीकडून मोठ्ठं हसू आलं.

तिसऱ्या दिवशी भिंत कोवळ्या हरभऱ्यासारखी हिरवी झाली. आई तिच्यासमोर मशीन कुठं ठेवायची ते ठरवत, एक खुर्ची इकडून तिकडे ओढत होती. पेंटर रोलर धुवायला नळाकडे निघाला, तर आईनं त्याला अडवून आधी उरलेले पैसे दिले. त्यानं ते तसेच खिशात घातले.

"मोजून तर घ्या, भाऊ."

"तुमी भांडून देले, मावशी. मोजाचे कायले?"

मजुरी पाडणं चूक आहे, हे मी आजही म्हणते आणि म्हणत राहणार. पण त्या कंपाउंडवाल्यानं आकडा पाडला नव्हता. त्यानं नुसतं 'उद्या ये' म्हटलं होतं. तेव्हा तुम्हाला एकच मागते. तुमच्या घरी कुणी रंग देऊन, नळ बसवून, पंखा दुरुस्त करून गेला असेल आणि त्याचे पैसे राहिले असतील, तर त्याला बोलावू नका. आज संध्याकाळी पत्ता विचारा आणि पैसे घेऊन तुम्हीच त्याच्या दारी जा.