व्हिएन्नाची रंगीत तालीम

आता हे कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? ज्या संध्याकाळची ही गोष्ट, त्या संध्याकाळी मला तोंडच नव्हतं, असं अख्खं फिंतास शपथेवर सांगायचं! हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

साठच्या दशकात मी कुवेतला एका तेल कंपनीत टायपिस्ट होतो. बायको शालू आणि मी समुद्रकाठच्या फिंतास गावात दोन खोल्यांत राहायचो. तेव्हा आजच्यासारखी गर्दी कुठली! मातीची घरं, वाळूवर ओढून ठेवलेल्या जुन्या लाकडी होड्या, आणि तिन्हीसांजेला अशी शांतता की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा.

अशा गावात बसून आम्हाला सुचलं काय? व्हिएन्नाला जायचं! ऑफिसातल्या एका इंग्रज साहेबाने मला जुनं कॅलेंडर दिलं होतं. त्यावरचा राजवाडा बघून शालू म्हणाली, "अहो, दर रजेला वेंगुर्ल्यालाच जातो आपण. एकदा हे बघू या. तीन दिवस का होईना!" झालं, ठरलं. राजवाडा, चित्रं, मोठं चर्च आणि एक संगीताची मैफल.

तो साहेब नोकरी सोडून मायदेशी चालला होता. जाताना त्याने आपला काळा ओव्हरकोट मला विकला आणि वर घाबरवून ठेवलं. "तिथे हे ओझं अंगावर घेऊन दिवसभर चालावं लागतं. सवय नसलेली माणसं दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतात."

साहेब सहा फुटांच्या वर. मी पाच फूट दोन इंच. कोट माझ्या घोट्यापर्यंत यायचा, आणि कॉलर वर केली की डोकं आत गडप!

पण तीन दिवसांतला एक दिवस अंथरुणात? छे! मी ठरवलं, आधी सराव करायचा. शालूला सांगितलं, कोट शिंप्याकडे टाकलाय. खोटं का बोललो? अहो, कुवेतमध्ये ओव्हरकोट घालून वाळूत येरझारा घालणाऱ्या नवऱ्याकडे कुठली बायको आदराने बघेल?

कंपनीच्या बसमधून गावाच्या अलीकडेच उतरायचं, बॅगेत लपवलेला कोट चढवायचा, नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून डोक्याला पांढरा पंचा गुंडाळायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं. धुळीचं वादळ असेल तो दिवस उत्तम. कुणी बघायला नाही, आणि बर्फात चालल्याची सवयही होते! चालताना जर्मन वाक्यांची घोकंपट्टी. माझं सामान हमखास हरवतं, म्हणून 'माझी बॅग कुठे आहे?' हे वाक्य आधी पाठ केलं. वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना, तेव्हा ते गळा काढून, लांबवून म्हणायचो. "वोऽऽ इस्ट माइन कोऽऽफर?"

पण खरं सांगतो, त्या किनाऱ्यावर काहीतरी होतं.

एका संध्याकाळी आकाश तांबूस झालं होतं. सूर्य म्हणजे फिकट पांढरा ठिपका, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा. समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता. होड्यांच्या फळ्या करकरत होत्या. आणि माझ्या पायाशी एक टोपली पडलेली! आतले मासे अजून तडफडत होते, पण माणूस कुठेच नाही. थोडं पुढे वाळूत एक चप्पल. एकच. पावलांचे ठसे होते, पण तेही बघता बघता धुळीत पुसून गेले.

हा माणूस गेला कुठे? की कुणी नेला त्याला? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मी कोट सावरत जो पळत सुटलो तो घराच्या कोपऱ्यावरच थांबलो, आणि कोट बॅगेत कोंबून मगच आत शिरलो!

दुसऱ्या दिवशी किराणा आणायला इब्राहीमचाचांकडे गेलो. चाचा रत्नागिरीकडचे, आमच्या अडीअडचणीला धावून येणारे. त्यांनी मला आत ओढलं.

"परुळेकरभाऊ, किनाऱ्यावर जाव नका. तिथं काय तरी आहे."

"काय आहे?"

"काळं. सात फूट उंच. डोकं नाय. तोंडाच्या जागी नुसतं पांढरं! मासळीवाल्या हसनने डोळ्यांनी बघितलंन. टोपली टाकून पळाला बिचारा, तर ते त्याच्या पाठी धावलं!"

"बोलतं का काही?"

चाचांनी आवाज एकदम खाली आणला. "हिंदीत बोलतं. 'वो है मेरा कफन! वो है मेरा कफन!' बुडालेला कोण खलाशी असेल. कफनाशिवाय गेलेला."

मला दरदरून घाम फुटला. तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, अजून कळलं नाही? कसं कळणार? सात फूट! आयुष्यात मला कुणी साडेपाच फूटसुद्धा म्हटलं नव्हतं! माझ्या डोक्यात एकच आलं. टोपली मी पाहिली होती. म्हणजे ते माझ्या आसपासच होतं. कदाचित पाठीशीच!

घरी शालू रडवेली होऊन बसलेली. तिच्याही कानावर गेलंच होतं. "मला बोटीत बसवून द्या. कसलं व्हिएन्ना नि कसलं काय! मी वेंगुर्ल्याला जाते ती कायमची."

शेवटी चाचांनीच तोड काढली. त्याला कफन हवंय ना? देऊन टाकू! मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज झाली की हसनसकट चार माणसांनी कंदील आणि पांढरं कापड घेऊन किनाऱ्यावर जायचं. शालू म्हणाली, "तुम्हीही जा. ते शांत झालं तरच मी इथे राहीन." ती दुकानात चाचांच्या बायकोसोबत थांबणार होती.

नेमकी त्या दिवशी बस रखडली. वारा सुटला होता, थंडी वाजत होती, धुळीने डोळे उघडत नव्हते. बॅगेतला कोट अंगावर चढवला, पंचा गुंडाळला आणि धावलो.

किनाऱ्यावर कंदिलाभोवती सगळे माझ्याकडे पाठ करून उभे होते. वाळूवर कफन पसरलेलं. मी मुकाट्याने मागे मान खाली घालून उभा राहिलो.

चाचा कापऱ्या आवाजात म्हणाले, "बाबा, हे घे तुझं कफन. आता जा."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. कापड वाळूवरून उडालं, त्यांच्या डोक्यांवरून तरंगत आलं आणि अलगद माझ्या हातांत पडलं! परत द्यावं म्हणून मी ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

सगळे वळले. डोळे विस्फारून ते माझ्याकडे... नाही, मला वाटलं, माझ्या मागे बघताहेत! मग एकच किंकाळी आणि सगळे सुसाट! त्यांच्या मागे, कापडासकट, मी! "थांबा! मला पण घ्या!" पण पंच्यातून आवाज कुठला बाहेर पडायला! मी जवळ येतोय म्हणून ते जोरात पळत होते, आणि ते जोरात पळताहेत म्हणून मी आणखी जोरात.

धाडकन दुकानाचं दार लागलं. मी बाहेर! दोन्ही हातांनी दार बडवत मी जीव खाऊन ओरडलो आणि धुळीने ठसका लागला. आत कलमा, रडारड, गोंधळ! त्यात शालूचा आवाज आला, "थांबा हो चाचा, हा खोकला आमच्या ह्यांचा आहे!"

दार किलकिलं झालं. तिने हात घालून पंचा ओढला.

"अहो! कोट शिंप्याकडे होता ना?"

मग सगळं सांगावं लागलं. जर्मन वाक्यही म्हणून दाखवावं लागलं. हसनने तर पुन्हा किंकाळी फोडली! शालू म्हणाली, "जाऊ आपण व्हिएन्नाला. पण तिथे तोंड उघडाल तर याद राखा. त्या लोकांनी काय पाप केलंय?"

आम्ही गेलोही. तीन दिवस. उत्तम झालं सगळं.

पण त्या संध्याकाळी हसून हसून डोळे पुसत चाचांनी मला विचारलं, "ते सगळं ठीक हो, भाऊ. आमी तुमाला बघून पळालो. तुमी कोणाला बघून पळालात?"

मी म्हटलं, "चाचा, जरा पाणी मिळेल का?"