खाडीकडचा उजेड

"त्या बत्तीला आता कोन इचारतंय?" काका ओटीवर बसलेल्या दलालाला म्हणाले. चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थांबले.

दलाल जवळच्या वडपे गावचा. आमच्या खाडीकाठच्या जमिनीत गोडाऊन होणार होतं, आणि ट्रक वळायला जागा हवी म्हणून बत्तीचा मनोरा पाडायचा होता. जमीन आजोबांची. त्यांचा अंगठा तेवढा बाकी होता. गेल्या वर्षी झटका आल्यापासून ते बोलत नाहीत.

"बाबांचं हो हाय," काका म्हणाले. "न्हाय असतं तर काठी आपटली असती."

आजोबा खिडकीबाहेर पाहत होते.

बत्ती म्हणजे खाडीच्या वळणावरचा काळ्या दगडाचा बुटका मनोरा. शाळेच्या पुस्तकातल्या लाइटहाऊससारखा उंच, पांढराशुभ्र नाही. भिवंडीकडे मीठ, कौलं घेऊन येणारे मचवे त्या उजेडावर वळायचे. रोज संध्याकाळी काच पुसून, रॉकेल भरून आजोबाच बत्ती लावायचे. पुढे खाडीत गाळ साचला, माल ट्रकने येऊ लागला, आणि एक दिवस त्यांना सांगण्यात आलं की उद्यापासून लावू नका. आता वर काचा नाहीत, पारवे आहेत.

आमच्या आळीत मात्र खाडीच्या बाजूला अजून कुणी दिवा ठेवत नाही. बत्तीशिवाय दुसरा उजेड दिसला की मचवा हाकणारा तांडेल चुकतो, मचवा गाळात रुततो. मचवे कधीच गेले. तरी मागच्या पडवीत आई अंधारातच भांडी घासते. का, ते कुणी विचारत नाही.

अंधारून आलं. दलालाला कागद दिसेना, म्हणून काकांनी खाडीकडच्या खिडकीवरची ट्यूब लावली. आजोबा उठले. भिंतीला धरत धरत गेले आणि त्यांनी बटण बंद केलं.

"बिल वाचवतंय म्हातारं!" काका हसले. मग इंग्लिश शाळेत जाणाऱ्या माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा त्यांना इंग्लिशमधी. मराठी आयकत न्हायत."

दलालही हसला आणि मोबाईलच्या उजेडात त्याने शाईची डबी उघडली.

पाहुण्यांसमोर मी बोलत नाही. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. चहावर साय धरली होती. आजोबांचा हात अजून बटणावरच होता, कुणी पुन्हा लावू नये म्हणून.

मी ट्रे खाली ठेवला.

"काका, आजोबांनी आत्ताच नाही म्हटलं."